चांद्याच्या शेपटीचा केस

मी एक जुना कार्बोरेटर आहे. नावावरून मी कुणी गोरा साहेब वाटतो, पण आहे मुठीएवढा जस्ताचा डबा. मित्रांनो, फटफटीच्या टाकीतून पेट्रोल खाली येतं, बाहेरून हवा आत येते, आणि माझ्या पोटात त्या दोघांची गाठ पडते. ती नीट पडली तर फटफटी पळते. नाही पडली तर फटफटी म्हणजे दारात बांधलेलं, काही न खाणारं आणि दूधही न देणारं जनावर.

माझा जन्म परदेशातला. गावाचं नाव सांगता येत नाही, कारण जन्मल्या जन्मल्या मला भुश्शात पुरून पेटीला खिळे ठोकले. पेटी उघडली ती नगरला, लष्करात. सगळ्यांना वाटतं मी लढाई पाहिली असेल. नाही पाहिली. माझी फटफटी एका सुभेदाराचा जेवणाचा डबा पोचवायची. भाकरी कधी थंड पोचली नाही, एवढंच माझं शौर्य.

पुढे लिलाव झाला. फटफटी एकाकडे गेली, मी दुसऱ्याकडे. मला नेलं एका भुसार दुकानदारानं, अर्ध्या किलोचं वजन म्हणून. मी अर्ध्या किलोपेक्षा चांगलाच जड होतो. ही गोष्ट दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकांना कळली. दुकानापुढे रांगा लागल्या. "आमाला त्या काळ्या वजनानं द्या," असा बायका हट्ट धरू लागल्या. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही. रांगेचं कारण कळलं त्या दिवशी दुकानदारानं मला रस्त्यात भिरकावलं. तिथून मी भंगारात आणि भंगारातून जॉर्जच्या पिशवीत पोचलो.

जॉर्ज राहुरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचा. लोक आधी घोडा घेतात, मग खोगीर. जॉर्जनं घोडा घेतला होता, पण त्यात काळीज नव्हतं. बिनकार्बोरेटरची फटफटी त्याच्या अंगणात उभी होती आणि तिच्या सीटवर त्याची आई मरियाबाई गोधड्या वाळत घालायची. मी आलो आणि गोधड्यांची सोय गेली. त्याबद्दल मरियाबाईनं मला कधी माफ केलं नाही, असं मला वाटतं.

मग त्र्याहत्तर सालचा उन्हाळा आला. विहिरींचे तळ दिसत होते. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि माळावर गुरांची छावणी पडली होती. पाऊस नाही म्हणून सगळीकडे धूळ. ती मी रोज गिळायचो. मी मधूनमधून खोकत होतो, पण खोकणाऱ्याकडे दुष्काळात कोण बघतो?

एका शनिवारी सकाळी छावणीत एक म्हैस पडली. तिचा गळा सुजला, जीभ बाहेर आली, आणि डॉक्टर दावणीपर्यंत पोचेस्तोवर ती गेली.

"घटसर्प. दावणभर पसरेल," डॉक्टर म्हणाले. "जॉर्ज, राहुरीच्या दवाखान्यात लस बर्फात ठेवलीय. आजारी पडेल त्याला द्यायची इंजेक्शनंही तिथेच आहेत. दिवस मावळायच्या आत घेऊन ये. मी इथून हलत नाही."

दिवस मावळला की दवाखाना बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि बर्फाला रविवार कळत नाही. एस.टी. तर बंदच होती. गावाला चांगला रस्ता हवा म्हणून दुष्काळी कामावर रस्ता खणायला घेतला होता, त्यामुळे गावाला रस्ताच उरला नव्हता. कडेच्या पायवाटेनं जाईल ती फक्त फटफटी. म्हणजे सगळी छावणी माझ्यावर अवलंबून होती.

म्हशीच्या शेजारच्या खुंट्याला सहादेवचा चांद्या बांधलेला होता. तांबडा बैल, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचा जोडीदार मागच्याच वर्षी गेला होता. सहादेवच्या दावणीला आता तेवढाच एक जीव होता. सहादेव धावतच जॉर्जच्या मागं घरी आला.

जॉर्जनं किक मारली. मी खोकलो. दुसरी मारली, मी शिंकलो. तिसऱ्या किकेला मी गप्प झालो.

"आरं, तिला काय झालं?" सहादेव ओरडला.

"तिला न्हाई, कार्बोरेटरला. कचरा अडकलाय."

"मंग कचरा काढ ना! माझा बैल म्हशीच्या शेजारी उभा हाय!"

जॉर्जनं मला उतरवलं आणि अंगणात परातीत घेतलं. माझी खालची वाटी उघडली तर आत लाल चिखल. एवढा, की त्यात मेथी पेरली असती तर उगवली असती. त्यानं माझे भाग सुटे केले. वाटीत तरंगणारी पितळेची पोकळ डबी, जिला फ्लोट म्हणतात, आणि पितळेचा जेट. जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा तुकडा. त्याच्या मधोमध इतकं बारीक भोक असतं की मुंगीही आत जाण्याआधी विचार करील. पेट्रोल जातं ते त्याच भोकातून. सगळं रॉकेलमध्ये धुऊन त्यानं पितळेचे भाग एका ताटलीत काढले.

"झालं?" सहादेवनं विचारलं.

"वाटीखालची चकती फाटलीय. चामड्याची नवी कापून आणतो. सहादूबाबा, इथं बसा. ह्या ताटलीवरची नजर काढू नका."

"तू जा. मी डोळं मिटनार न्हाई."

सहादेवनं शब्द पाळला. डोळे त्यानं मिटले नाहीत. फक्त ते डोळे घेऊन तो छावणीत गेला. चांद्याला बघून लगेच परत येऊ, असं त्याला वाटलं. मी परातीतून ओरडलो असतो, पण मला तोंड आहे ते फक्त हवा ओढायला.

तेवढ्यात टँकरचं पाणी घेऊन मरियाबाई आली. दर शनिवारी ती चर्चची पितळी भांडी घरी आणून चिंच आणि राखेनं घासायची. दानाचं ताट, मेणबत्त्यांच्या बैठका. ही तिची सेवा होती, आणि दुष्काळ असला तरी देवाचं पितळ काळं पडू द्यायचं नाही असा तिचा बाणा होता. भांडी अंगणातच मांडलेली होती. शेजारच्या ताटलीत आणखी थोडं पितळ दिसलं. पितळ म्हणजे चर्चचं, दुसरं कुणाचं असणार?

तिनं फ्लोट घासला. जेट घासला. चिंचेचा कोळ इतक्या भक्तिभावानं चोळला की बास. मी जस्ताचा, म्हणून मला कुणी हात लावला नाही. जातीचा फटका मित्रांनो धातूंनाही बसतो. मग ओल्या चिंधीनं सगळं पुसून, टोपलीत भरून ती चर्चला निघून गेली.

जॉर्ज चकती घेऊन आला, सहादेव छावणीतून आला. दोघांनी एकदमच रिकामी ताटली पाहिली.

"सहादूबाबा. पितळ कुठंय?"

"हितंच तर हुतं."

"तुमी कुठं हुता?"

सहादेव परातीखाली शोधू लागला. नेमकी तेव्हा मरियाबाईची कोंबडी ताटलीजवळून चालली होती. चोचीत चिंचेचा चोथा, चालीत पाटलीणबाईचा रुबाब.

"हिनं गिळलं!" सहादेवनं झडप घातली. त्यानं कोंबडी कानाशी धरून हलवली. वाजली नाही. उलटी करून हलवली. तरी वाजली नाही.

"अहो, ती डबी तिच्या डोक्याएवढी हुती. कशी गिळंल?"

"बारका तुकडा गिळला आसंल. कापूनच बघू."

"आई मला कापंल!"

"जॉर्ज्या, तुझी आई मोठी का माझा चांद्या?"

हा प्रश्न अवघड होता. जॉर्जनं आभाळाकडे पाहिलं. सूर्य डोक्यावरून कलला होता. तो उठला आणि विळी घेऊन आला. कोंबडीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला काहीच मदत करू शकत नव्हतो. ती निर्दोष आहे हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं, आणि निर्दोष माणसाचा एकुलता साक्षीदार परातीत पडलेला असला की काय होतं ते मला त्या दिवशी समजलं.

"हात तर लावा माझ्या कोंबडीला!" दारातून आवाज आला. मरियाबाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. "काय चाललंय रं, जॉर्ज्या?"

"आई, ताटलीतलं पितळ हिनं गिळलंय."

"कोंचं पितळ? चर्चचं? ते तर मी घासून चर्चात मांडून आले."

सहादेवच्या हातातली कोंबडी तेवढी बोलली. मग जॉर्ज पळत सुटला.

पुढचं मला माझ्या फ्लोटनं नंतर सांगितलं. मरियाबाईनं त्याला वेदीवर उलटा ठेवून वर मेणबत्ती उभी केली होती. लष्करात गेलो, भंगारात पडलो, पण प्रार्थनेच्या इतक्या जवळ पोचेन असं वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला. जेट दानाच्या ताटात एकटाच बसला होता. गेल्या कित्येक रविवारांत त्या ताटात पडलेली ती सगळ्यात मौल्यवान वस्तू होती. जॉर्जनं वेदीपुढं घाईघाईत मान झुकवली, दोन्ही उचलले आणि परत पळाला.

भाग बसले. चकती बसली. मी फटफटीवर चढलो. पेट्रोल आलं. जॉर्जनं किक मारली.

काहीच नाही.

पुन्हा मारली. मारतच राहिला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला. मी आतून जीव तोडून ओढत होतो, पण थेंबभर पेट्रोल वर येईना. त्यानं मला पुन्हा उतरवलं, जेट काढून सूर्याकडे धरला. भोकातून उजेड दिसला नाही. चिंचेचा एक तंतू आत जाऊन बसला होता.

"तार घाल," सहादेव म्हणाला.

"तारंनं भोक मोठं हुईल. मग पेट्रोल जास्त जाईल, अन् फटफटी वाटंतच बंद पडंल." त्यानं फुंकून पाहिलं. खराट्याची काडी जाड निघाली. मरियाबाईनं न बोलता डोक्याचा एक केस उपटून दिला. तो मऊ पडला, आत जाईना. आता तिचा चेहरा उतरला होता. कोंबडीची बाजू घेताना चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"ताठ केस पायजे," जॉर्ज म्हणाला. "बारीक अन् ताठ. शेपटीचा चालंल. बैलाच्या."

सहादेव उठला तो थेट छावणीकडे धावला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत चांद्याच्या शेपटीचे केस होते. पण त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"काय झालं, सहादूभाऊ?" मरियाबाईनं विचारलं.

"त्यानं लाथ मारली न्हाई." सहादेवनं केस जॉर्जच्या हातावर ठेवले. "शेपटीला नुस्ता हात लावला तरी लाथ मारनारा गडी हाय त्यो. आज मी केस उपटले, अन् त्यानं मान सुदीक वळवली न्हाई. अंग तापलंय त्याचं."

जॉर्जनं एक केस घेतला, जिभेला लावून ओला केला आणि भोकात घातला. केस अडला. त्यानं हळूच फिरवला. जोर केला तर केस मोडून आतच राहणार, आणि मग सगळंच संपणार. तिघांनी श्वास धरले. मीही धरला, एरवी माझा धंदाच श्वासाचा आहे. मग केसाचं टोक पलीकडून बाहेर आलं, आणि त्याच्या टोकाला तो चिंचेचा तंतू होता. एवढासा, तपकिरी, बेशरम.

जेट सूर्याकडे धरला. आरपार उजेड आला.

या वेळी किक बसली आणि मी गर्जलो. जेवणाचे डबे पोचवतानाही असा कधी गर्जलो नव्हतो. कोंबडी उडून छपरावर गेली. जॉर्जनं मागं वळून पाहिलंही नाही. आम्ही खणलेल्या रस्त्याच्या कडेनं निघालो, खडी फोडणाऱ्या बाया बाजूला होऊन बघत राहिल्या. धूळ उडत होती आणि माझ्या तोंडावर मरियाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता, गाळणीसारखा. तो तिनं निघता निघता स्वतः बांधला होता. सूर्य आमच्यापुढे पळत होता. दवाखान्याचा शिपाई कुलूप हातात घेऊनच उभा होता तेव्हा आम्ही पोचलो.

येताना बर्फाचं पाणी डब्यातून ठिबकत होतं आणि मला वाटेत एकदाही खोकायची परवानगी नव्हती. मी खोकलो नाही. छावणीत पोचलो तेव्हा डॉक्टरांनी आधी चांद्याला इंजेक्शन दिलं आणि मग दावणीच्या टोकापासून लस टोचायला सुरुवात केली. सहादेव चांद्याच्या गळ्याला हात लावून बसला होता. सूज आली की नाही हे तो डोळ्यांनी बघत नव्हता, त्याची हिंमत नव्हती. बोटांनी चाचपत होता.

पुढचे काही दिवस मी अंगणात उभा होतो. छावणीतून कुणी आलं की जॉर्ज विचारायचा, आणि उत्तर यायचं, "हाय तसाच." माझ्या तोंडावरचं फडकं मरियाबाई रोज धुऊन पुन्हा बांधायची. शनिवार आला तेव्हा तिनं भांडी घासायला घेण्याआधी प्रत्येक भांडं वर धरून विचारलं, "जॉर्ज्या, हे देवाचं हाय का फटफटीचं?"

तेवढ्यात फाटकातून सहादेव आला. लंगडत. एका पायावर उड्या मारतच म्हणा. गुडघ्याखाली मोठी सूज होती.

"आरं देवा! पडला का काय?" मरियाबाईनं विचारलं.

सहादेवचं तोंड हसण्यानं फाटायला आलं होतं.

"लाथ मारली!" तो म्हणाला. "शेपटीचा येक केस वडला फक्त. आशी मारली म्हनता, आशी मारली! दोन दिस चालता येनार न्हाई!"

मग त्यानं फटफटीजवळ येऊन मूठ उघडली. आत चांद्याच्या शेपटीचा तो नवा केस होता. "ठिव तुझ्याकडं, जॉर्ज. ह्या बाबाला लागंल परत."

तो केस अजून माझ्याजवळ आहे. फटफटीच्या हत्यारांच्या पिशवीत, चिंधीत गुंडाळलेला.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल आणि ते खोकत असेल, कुरकुरत असेल, तर त्याला शिव्या देऊ नका. त्याला उघडा, धुवा, त्याच्या तोंडाला फडकं बांधा. त्याचे सुटे भाग चर्चच्या भांड्यांशेजारी ठेवू नका. आणि कुणी तुमच्यावर खेकसलं, लाथ मारली, तर फार रागावू नका. तो बरा आहे. काळजी घ्यायची ती गप्प उभा राहतो त्याची.