न तुटलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. लोहाराने मला घडवलं आणि लगेच कानस घेऊन माझी कंबर बारीक केली. मला रागच आला. मग कळलं, तुटणं हेच माझं काम.

आमचं जहाज समुद्राच्या तळावरचे ज्वालामुखी डोंगर तपासायचं. तिथे तळ दोन्हीकडे ओढला जातो, फाटतो आणि फटीतून लाव्हा उसळतो. कुठे लाव्हा कमी पडतो, मग तळ नुसताच ताणला जाऊन पातळ होतो. कुठे काय चाललंय ते दगड सांगतात. म्हणून जहाजावरच्या दगडांच्या अभ्यासक, आमच्या दगडवाल्या बाई, दगड गोळा करायला तारेला साखळ्यांचा पिंजरा बांधून तो तळावरून फरफटत न्यायला लावायच्या. तार आणि पिंजरा यांच्या मध्ये मी. पिंजरा अडकला तर मी तुटायचं, म्हणजे तार तुटत नाही आणि वरची माणसं वाचतात. सहा खेपा मी जीव मुठीत धरून काढल्या. बाई स्वतः मला तेल लावायच्या.

जहाजावर दोन भाऊ कामाला होते. तार ओढणारं यंत्र थोरला चालवायचा. धाकटा मागच्या कठड्यापाशी उभा राहून तारेवर नजर ठेवायचा. मागच्या सफरीत माझ्यासारखीच बारीक कडी, माझी बहीण, तुटली, पिंजरा बुडाला आणि थोरल्याला सगळ्यांनी फाडून खाल्लं. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. सातव्या खेपेला त्याने गुपचूप मला काढलं.

"ही बघ जाड कडी. हत्ती बांध हिला," तो धाकट्याला म्हणाला.

"दादा, बाईंना विचारलंस का?"

"तू तुझं काम कर रे."

मला त्याने हत्यारांच्या पेटीवर टाकलं.

दुपारी पिंजरा कपारीत अडकला. तार ताठ झाली, करकरू लागली. जहाजाची मागची बाजू पाण्यात दबली. मी जागेवर असते तर केव्हाच तुटले असते. जाड कडी हलली नाही. तारच तुटली. ती सपकन उलटी आली, तिने कठडा कापला आणि धाकट्याचा पाय गुडघ्याखाली उडवला. माझ्यावर रक्त उडालं. पिंजरा तर गेलाच.

थोरल्याने सदरा फाडून त्याची मांडी आवळली.

"दादा, माझा पाय कुठंय?" धाकटा विचारत राहिला. थोरल्याने गाठ आणखी घट्ट ओढली.

धाकटा वाचला. आता मी थोरल्याच्या खिशात असते. जिन्यावर लाकडी पाय वाजला की त्याची मूठ माझ्यावर आवळते.

"टाकून दे ना ती, दादा," धाकटा म्हणतो. थोरला टाकत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी हात जोडून उलटं मागते. मला जपू नका. मला माझ्या जागी लावा आणि तुटू द्या. मी अजून अख्खी आहे, याची मला लाज वाटते.