बरणीवरची गोपिकाकाकू

गोपिकाकाकू नावाची बाई कधी जन्मालाच आली नव्हती, आणि तिला भेटायला बेसाहून पाव्हणी दारात उभी! पार्सलवरचा पत्ता शोधत आली होती बिचारी. कांताबाईंना काही सुधरेना. लोणच्याची पळी हातात धरून त्या आपल्या पोराकडे बघत राहिल्या.

लोणचं कांताबाईंचं. कळमन्याच्या बाजारातून कैऱ्या आणायच्या त्यांनी, फोडायच्या त्यांनी, मसाला कालवायचा त्यांनी. मनीषनगरातल्या या दोन खोल्यांत उन्हाळाभर तोच वास. पण लोणचं विकायच्या फेसबुकच्या पेजवर त्या कुठंच नव्हत्या. तिथं त्यांच्या लेकानं, धम्मानंदनं, कॉम्प्युटरकडून एक बाई बनवून घेतली होती. ठसठशीत कुंकू, नाकात नथ, नाव गोपिकाकाकू. "ही कोण गा?" असं विचारलं, तर म्हणाला, "आई, जाहिरातीत असंच राहते." बरं बाबा, राहत असंल! पण ती बया रोज लोकांना 'माझ्या सासूबाईंची रीत' सांगायची. कांताबाईंची सासू तर त्यांच्या लग्नाआधीच गेलेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"काकू गावाले गेल्या," धम्मानंदनं ठोकून दिलं.

"मग बसते मी," म्हणत पाव्हणी सतरंजीवर टेकली. नाव जिजाबाई. "सून पोटुशी हाये. अन्न पोटात ठरत नव्हतं. काकूच्या लोणच्यानं दोन घास खाऊ लागली. साडी आणली मी काकूसाठी."

आता मात्र कांताबाईंना राहवेना. "गावाले कोणी नाही गेलं. लोणचं मी करते. मी कांता."

"अन् फोटोतली?"

"मले तरी कुठं समजून राहिलं! विचारा त्याले."

धम्मानंदनं मान खाली घातली. "आधी आईचाच फोटो होता. लोक आडनाव विचारत. सांगितलं की मागवत नव्हते."

कांताबाई हे आज पहिल्यांदा ऐकत होत्या. जिजाबाईंची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली आणि तिथंच थांबली. उठते आता ही, कांताबाईंना वाटलं. आणि जिजाबाई उठल्याच. पिशवीतून साडी काढून त्यांनी कांताबाईंच्या खांद्यावर टाकली.

"हात तर तुमचेच हायेत ना वं," त्या म्हणाल्या. कांताबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती बरं वाटलं त्यांना, काय सांगावं!

जिजाबाईंनी दोन बरण्या घेतल्या. दारात चपला घालताना मात्र त्या घुटमळल्या.

"ताई, बरणीवर गोपिकाकाकूच राहू द्या हं," त्यांनी आवाज खाली आणला. "घरी म्हाताऱ्या सासूबाई हायेत."

त्या गेल्या. कांताबाईंनी खांद्यावरची साडी उतरवली, नीट घडी घातली आणि लेकाकडे पाहिलं.

"धम्मा, ही मी नेसू, का तिच्यासाठी ठेवू?"