दोन्ही बाजूंची छायाचित्रे

मित्रांनो, वाचनालयातील नकाशांच्या कपाटावर, पोचा पडलेल्या पृथ्वीगोलाशेजारी जी काळी पेटी दिसते, ती म्हणजे मी, एक जुना टेपरेकॉर्डर. प्रथम एक गैरसमज दूर करतो. मी बोलतो, असे लोक म्हणत. ते खरे नव्हे. मी केवळ ऐकत असे आणि ऐकलेले फितीच्या स्वाधीन करीत असे. जपून ठेवणे हे तिचे काम. माझ्यापाशी त्यातले काही उरत नसे. हा भेद ज्यांना कळायला हवा होता त्यांना तो कळला नाही, त्याचीच ही हकीकत.

कारखान्यातून मी थेट येथे आलो. तेव्हाचे ग्रंथपाल मोठे हट्टी गृहस्थ होते. जे लिहिले गेले तेवढेच ज्ञान, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. मला खांद्याला अडकवून ते डोंगरापलीकडच्या वस्तीत गेले. तेथे एक म्हातारी राहत असे. रानात एक कडू कंद उगवतो. तो विषारी असतो. परंतु रीतसर शिजवला तर पाऊस न झालेल्या वर्षी माणसे तगवतो. ही रीत तिच्या गाण्यांत होती. कंद कसा ओळखावा, पाणी किती वेळा फेकावे, राख केव्हा घालावी, सारे त्यांत क्रमाने येई. त्या गाण्यांची भाषा बोलणारी माणसे तेव्हाच विरळ झाली होती.

माझा लाल दिवा पाहून ती खो-खो हसली. "माझा नवराही अस्साच! लाल डोळा करून बसायचा, बोलायचा एक शब्द नाही." ही थट्टा मला आठवते, कारण ती माझ्यावर केलेली होती. गाणी मात्र फितीवरच राहिली.

तिची लेक शिवणकामासाठी शहरात जाण्याच्या तयारीत होती. म्हातारी तिला म्हणाली, "अगं, दोन दिवस बस माझ्यापाशी. शिकून तरी जा."

"आई, सगळं पेटीत भरलंय ना? मग माझ्या डोक्याला कशाला ताप?"

"पेटीला पोट आहे का गं? ती कशाला शिकेल?"

"आजी, अजिबात काळजी करू नका," ग्रंथपाल म्हणाले. "वाचनालयात आहे म्हणजे सुरक्षित आहे."

लेक निश्चिंत मनाने गेली. पुढे म्हातारी वारली.

काही वर्षे माझे कौतुक झाले. शाळांतील मुले माझ्याभोवती कोंडाळे करून बसत. मग ग्रंथपाल निवृत्त झाले, वाचनालयात संगणक आले, आणि मी कपाटावर चढलो. संगणकांविषयी माझी तक्रार नाही. ज्यांनी आयुष्यात कधी पेन धरले नाही त्यांना येथील शिकवणीने आपले अर्ज आपण भरायला शिकवले. हे थोर काम आहे. माझे भांडण आहे ते न ऐकता जपणाऱ्यांशी.

एके दिवशी वरून आदेश आला : संग्रहातील प्रत्येक वस्तूची छायाप्रत संगणकात घ्यावी आणि मूळ वस्तू हलवून जागा मोकळी करावी. पुस्तकांमागून कॅसेटींची पाळी आली. ग्रंथपालांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी एकेक कॅसेट काचेवर ठेवली, छायाचित्र घेतले, उलटवली, पुन्हा घेतले. काम अत्यंत नेटके होते.

संगणक शिकवणाऱ्या ताई चाचरत म्हणाल्या, "सर, पण आत आवाज आहे ना?"

"आदेशात आवाजाचं कुठे लिहिलंय? दोन्ही बाजू घेतल्या ना? झालं तर!"

कॅसेटी पोत्यात भरून भंगारात गेल्या. संग्रहाच्या यादीत मी नव्हतो, म्हणून तेवढा राहिलो.

या वर्षी पाऊस झाला नाही. शिकवणीला एक पिकल्या केसांची बाई येऊ लागली. तिने माउस आवळला की ताई हसत, "मावशी, तो धरायचाय, त्याची मान नाही मुरगळायची!" ती म्हणे, "सुई धरणारा हात आहे बाई, सैल कसा सोडू?" अक्षरे जमू लागताच तिने पहिला शब्द टंकला तो आपल्या आईचे नाव. ती म्हातारीची लेक होती, शहरातून वस्तीत परतलेली.

पडद्यावर कॅसेटचे चित्र आले, वर आईचे नाव.

"दिसली गं, माझी आई दिसली! आता आवाज कुठून येतो?"

ताईंनी दुसरी बाजू उघडली. पुन्हा चित्र. त्यांनी मान खाली घातली.

"मावशी, एवढंच आहे."

बाईने पिशवीतून मातीने माखलेला कंद काढून टेबलावर ठेवला. "वस्तीतली माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. पाणी फेकायचं माहितीये मला. किती वेळा, ते नाही माहीत. राख आधी की मागून, तेही नाही. अर्धवट रीतीने कुणाच्या पोरांना खायला घालू?"

मग तिची नजर माझ्यावर पडली. ताईंनी मला खाली उतरवले, तार जोडली. बाईने बटण दाबून माझ्या जाळीला कान लावला. मित्रांनो, त्या क्षणी मी काय दिले नसते! माझी रिकामी चाके फिरली, लाल दिवा लागला, घरघर झाली. तिने बटण पुन्हा दाबून पाहिले. शेवटी तिने कंद उचलला आणि दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मित्रांनो, जुने ते पेटीत ठेवा, संगणकातही अवश्य ठेवा. पण फेकण्यापूर्वी एकदा लावून ऐका. आणि तुमच्या घरात जाणते माणूस असेल तर माझ्यासारख्यावर विसंबू नका. आजच त्याच्यापाशी बसा. मी बसलो होतो, अगदी जवळ. मला त्यातला एक शब्दही येत नाही.