चार दोऱ्यांचा भित्रा पतंग

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. पतंगाने भित्रं असावं हे ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण आधी माझी हकिकत ऐकून घ्या.

तुम्ही पाहिलेले पतंग बहुतेक एका दोरीचे असतील. मला चार दोऱ्या आहेत. उडवणाऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक वाकडी मूठ असते आणि प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या असतात, एक वरची आणि एक खालची. वरच्या दोऱ्या ओढल्या की मी पुढे झेपावतो. खालच्या ओढल्या की मागे सरतो. सगळ्या सारख्या धरल्या तर हवेत एका जागी उभा राहतो, आणि एका हाताने वरची, दुसऱ्या हाताने खालची ओढली तर जागच्या जागी गरगर फिरतो. ऐकायला छान वाटतं, नाही का? पण याचा अर्थ असा की मी जिथे जाईन तिथे मला कुणीतरी नेलेलं असतं. मुठी धरणारा चुकला तर मी नुसतं बघत राहायचं. माझ्या काळजीचं मूळ हेच आहे.

मला शिवलं मुंगीच्या मावशीनं. ती तंबू शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. तिची शिवण इतकी सरळ असायची की तिथे तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे. तंबूच्या अस्तराचे निळे-पिवळे तुकडे उरायचे, ते ती मुकादमाला विचारून घरी आणायची. त्यातून तिनं मला कापलं, जोडलं, पाठीत काळ्या हलक्या काड्या बसवल्या आणि पोटाशी दोऱ्यांची कन्नी बांधली. बांधून झाल्यावर तिनं मला उजेडासमोर धरलं आणि एकेक टाका तपासला. त्या वेळी तरी मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

मुंगी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. चालायला लागल्यापासून ती भिंतीला चिकटून चालायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. मुंगीची आई औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी सकाळीही तिला जावं लागे. तेवढा वेळ मुंगी मावशीकडे असायची. मावशीनं ठरवलं, हिच्या हातात काहीतरी द्यायचं, म्हणजे ही भिंत सोडेल.

शाळेमागे खेळांचा मोठा हॉल होता. रविवारी तो रिकामा असे. पहिल्या दिवशी मला बघून तिथल्या रखवालदारकाकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "बाई, वारा बाहेर आहे. इथे नुसते पंखे आहेत, आणि तेही बंद पडलेत."

मावशी हसली. तिनं मुंगीला समजावलं की आत वारा नसतो, तो आपण चालून करायचा. आखूड दोऱ्या बांधायच्या, मुठी धरायच्या आणि मागे मागे चालत राहायचं. थांबलं की पतंग खाली येतो. भिंत आली की गोल वळायचं, पण पाय थांबू द्यायचे नाहीत.

आणि मुंगी शिकली हो! पहिल्या दिवशी मी दोनदा भिंतीवर आदळलो, एकदा बास्केटबॉलच्या कडीत अडकलो आणि शेवटी काकांची टोपी उडवली. पण तीन-चार महिन्यांत ती मला हॉलभर नाचवू लागली. भिंत दूर राहिली, ती मधोमध चालू लागली. काका खुर्चीत बसले असले की ती मला अलगद त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर उतरवायची. ते म्हणायचे की इतक्या हळू तर त्यांची मांजरही बसत नाही. तुम्हाला एक गंमत सांगतो. उडवणाऱ्याचा चेहरा सगळ्यात नीट पतंगालाच दिसतो, कारण बाकीचे सगळे वर बघत असतात. त्या दिवसांतला मुंगीचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

मग वर्षभरानं एके दिवशी मावशी म्हणाली, आता मैदानावर जाऊ.

मैदानावर माझ्या दोऱ्या लांब झाल्या, हॉलमध्ये चार पावलांच्या होत्या त्या इथे चाळीस पावलांच्या. मावशीनं मुंगीला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली. आतला वारा आपला असतो, बाहेरचा त्याच्या मर्जीनं येतो. जोर वाढला तर मागे हटायचं नाही. मागे हटलं की दोऱ्या आणखी ताणतात आणि पतंगाला आणखी बळ मिळतं. जोर वाढला की पतंगाच्या दिशेनं पुढे चालायचं, म्हणजे दोऱ्यांना ढील मिळते आणि पतंग शांत होतो. मुंगीनं मान डोलावली. तिच्या डोक्याला ते पटलं होतं. पण तिच्या पायांना वर्षभर दुसरंच शिकवलेलं होतं, आणि ते त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सुरुवातीला वारा हलका होता. मी छान उडलो, एकदा गवतावर आडवा पडलो. मला सरळ करायला मावशी माझ्याजवळ आली. तिनं मला उभं केलं आणि ती बाजूला होते न होते तोच झुळूक आली. झुळूक कसली, धक्काच तो. मी झपकन वर गेलो. चाळीस पावलांवरून मला मुंगीचा चेहरा दिसला, पांढराफटक. ती घाबरली आणि जे येत होतं ते तिनं केलं. ती मागे चालू लागली, भराभर. माझ्या अंगात दुप्पट जोर भरला. मी एका कुशीवर कललो आणि सरळ खाली सुटलो, मावशीच्या दिशेनं. माझं मलाच कळत होतं, पण मला ना ब्रेक ना तोंड. मी तिच्या खांद्यावर आदळलो. ती दचकली, तिचा पाय घसरला आणि पडताना तिनं उजवा हात जमिनीला टेकवला.

मनगट मोडलं. लोक म्हणाले, ती पडली म्हणून मोडलं. पण तिला पाडलं कुणी, हे मला माहीत आहे.

प्लॅस्टर निघालं तरी मनगट पुरतं वळेना. जाड कापड मशीनखाली ओढणं तिला जमेना. कारखान्यानं तिला शिवण तपासायच्या टेबलावर बसवलं. फूटपट्टी आता दुसऱ्यांचे टाके बघू लागली. मुंगीच्या आईनं सांगून टाकलं की या घरात पुन्हा पतंगाचं नाव काढायचं नाही. डावा पंख फाटलेल्या अवस्थेत मला पिशवीत कोंबून कपाटावर ठेवलं गेलं.

मित्रांनो, तिथे मी दोन वर्षं होतो. कसर लागेल का, कापड तिथल्या तिथे पिचेल का, आवराआवरीत मला टाकून देतील का, एक ना दोन, सतरा काळज्या. पण सगळ्यात मोठी काळजी मुंगीची होती. ती पुन्हा भिंतीला लागली. मावशी घरी आली की मुंगी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची. मावशीच्या हातात ती चहाचा कपसुद्धा देत नसे, टेबलावर ठेवून मागे सरकायची. तिला एकच भीती होती, आपल्या हातून पुन्हा कुणाला लागलं तर? माझीही भीती तीच होती. आम्ही दोघं एकाच खोलीत होतो, पण हे एकमेकांना सांगणार कसं?

एका सुट्टीच्या दिवशी मावशी आली आणि म्हणाली, "मुंगे, कपाटावरची पिशवी काढ."

मुंगी जागची हलली नाही. आतून तिची आई आली आणि बहिणीला चांगलीच बोलली. एक हात गेला तेवढा पुरे नाही का, असंही म्हणाली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "ताई, मोडलं माझं मनगट. हिचे पाय कशाला बांधून ठेवायचे?"

आई आत गेली. थोड्या वेळानं तिनंच स्टूल आणून कपाटापाशी ठेवलं.

फाटलेला पंख शिवायला मावशीचा हात चालत नव्हता, म्हणून सुई मुंगीच्या हातात आली. ती पहिला टाका घालताना माझा जीव मुठीत होता, आणि तिचाही असणार, कारण सुई माझ्यापेक्षा तिच्या बोटांत जास्त शिरत होती. शिवून झालं की मावशी खडूनं वाकड्या टाक्यांवर खुणा करायची आणि म्हणायची, उसव. तीन संध्याकाळी शिवलं आणि तीनदा उसवलं. चौथ्या संध्याकाळी मावशीनं खडू खाली ठेवला. शिवण अजूनही थोडी वाकडीच होती आणि जाडही, त्यामुळे माझं डावं अंग जड झालं. मला धास्ती वाटली की ही वाऱ्यात टिकणार नाही. मावशी म्हणाली टिकेल, आणि तपासणीच्या कामात तिचा शब्द शेवटचा असतो.

पुन्हा रविवार, पुन्हा हॉल. काका टोपी काढून खुर्चीखाली ठेवून बसले. आत मुंगीला सगळं आठवत होतं. मावशी कडेला उभी राहून सांगायची. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पूर्वी ती मध्येच मुठी आपल्या हातात घेऊन करून दाखवायची. आता तिचे दोन्ही हात जाकिटाच्या खिशात असायचे, बाहेर काढायचीच नाही.

महिन्याभरानं आम्ही मैदानावर गेलो. मुंगीची आईसुद्धा आली. तिनं बरोबर पट्ट्या, कापूस, मलम असं अर्धं दुकान पिशवीत भरून आणलं होतं आणि ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. समोरच्या बाजूला कुणी येणार नाही याची मावशीनं खात्री करून घेतली. मुंगीनं मुठी उचलल्या. तेव्हा मावशी तिच्या मागे जाऊन अगदी तिच्या पाठीला लागेल इतकी जवळ उभी राहिली, तोंड माझ्याकडे. आई बाकावरून ओरडली की तिथे काय करतेस, लांब हो. मावशी हलली नाही.

"मागे मी आहे," ती मुंगीला म्हणाली. "मागे आलीस तर माझ्या पायावर पाय पडेल."

मी वर गेलो. डावं अंग जड, तरी उडत होतो. शिवण कुरकुरत होती. मी मनात म्हणत होतो, आज वारा येऊ नको रे. आणि तो आलाच! तसाच धक्का, त्याच बाजूनं. माझं धाबं दणाणलं. मुंगीचा चेहरा पुन्हा तसाच पांढराफटक झाला. तिची टाच मागे गेली, मला स्पष्ट दिसली, आणि मावशीच्या बुटावर पडली.

मुंगी थबकली. मी कलायला लागलो होतो.

मग तिनं पाय पुढे टाकला. ओठ दाबून, डोळे माझ्यावर, एक पाऊल, दुसरं, मग धावतच. माझ्या पोटाशी ओढलेल्या दोऱ्या सैल झाल्या. अंगातला जोर ओसरला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मी घाबरलेला असताना माझ्याकडे येत होतं. मी हळूहळू खाली आलो आणि गवतावर अलगद टेकलो, काकांच्या खुर्चीवर टेकायचो तसा. माझा जीव भांड्यात पडला.

मुंगी माझ्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसली. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं. एकही टाका सुटला नव्हता. मग तिनं मागे वळून बघितलं. मावशी तिथेच उभी होती, लांब, हात खिशात.

मुठी घेऊन मुंगी चालत तिच्याकडे गेली. दोन वर्षं जिनं मावशीच्या हातात चहाचा कप दिला नव्हता, तिनं मुठी तिच्यापुढे धरल्या.

"आता तू."

मावशी म्हणाली की मनगट वळत नाही, पतंग नीट उडणार नाही, उगाच फाटेल. ती बरंच काही म्हणाली. पतंगाला चेहरे वाचता येतात. ती घाबरली होती, माझ्याइतकीच. मुंगीनं वाद घातला नाही. ती फक्त मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मागे मी आहे," ती म्हणाली.

मावशीनं हात खिशातून काढले.

मी फार वाईट उडलो, मित्रांनो. उजवी मूठ अर्धीच वळायची, डावं अंग जड, त्यामुळे मी आकाशात अडखळत होतो. पण त्या दिवशी मला दोन चेहरे दिसत होते, एकामागे एक, आणि बाकावर मुंगीची आई पिशवी बाजूला ठेवून उभी राहिली होती.

आता मी कपाटावर नसतो, दारामागच्या खुंटीवर असतो. तुमच्याकडे माझ्यासारखं काही फाटून, कुणाला लागून, वर टाकून दिलेलं असेल तर एकदा खाली काढा. शिवा, वाकडं शिवलं तरी चालेल. दोऱ्या गुंता न करता गुंडाळा, काड्यांवर पाय देऊ नका, आणि उडवायच्या आधी समोर कोण आहे ते जरूर बघा. एवढी माझी विनंती आहे. उद्या रविवार आहे. दोघी म्हणत होत्या की मैदानावर जायचं, आणि वारा किती असेल याची मला आतापासूनच काळजी लागली आहे.