येऊन राहिली

मयुरा साताऱ्याहून नागपूरला समाजशास्त्र शिकायला आली ती तीन रंगांची पेनं आणि रकाने आखलेली वही घेऊन. माणूस रकान्यात मावत नसेल तर रकाना रुंद करावा, एवढी उदार होती ती. पहिल्याच सत्रात सरांनी काम दिलं. शहरातला एक समुदाय शोधा, अभ्यासा, त्यात सामील व्हा आणि त्यांच्या प्रमुखाच्या हातचं पत्र आणा, की ही आमच्यातली झाली. पत्राला चाळीस गुण. पत्र नाही तर नापास.

रामदासपेठेतल्या सकाळी फिरणाऱ्यांनी तिला हौसेनं घेतलं असतं, पण त्यांचं बोलणं गुडघ्यापासून निघून गुडघ्यापाशीच संपायचं. शेवटी तिला इतवारीत, भांड्यांच्या गल्लीमागे, बडग्याचं मंडळ सापडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शहराची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघते. वर्षभर शहराला ज्यानं छळलं त्याचे कागदा-बांबूचे पुतळे तीत नाचवतात आणि मग जाळतात. तो पुतळा म्हणजे बडग्या.

पहिल्या दिवशी अकराला ती पोचली तर हजर फक्त कुसुमताई. त्या पुतळ्याचे कागद चिकटवायची खळ शिजवायच्या, आणि त्यांना विचारल्याशिवाय मंडळात बांबूसुद्धा वाकत नसे. मयुरानं अध्यक्षांना, म्हणजे भांडेवाल्या वामनरावांना, फोन लावला.

"काका, कुठे आहात?"

"आंघोळ करून राहिलो ना वं."

साताऱ्यात माणूस राहतो म्हणजे मुक्काम करतो. मयुरा जरा चमकली, पण अभ्यासकानं चमकू नये म्हणून तिनं नोंद केली. मुक्काम : न्हाणीघर.

"आणि तुमचे यजमान, ताई?"

"तो? जेवून राहिला."

जेवून तिथेच राहिला, असं तिनं लिहिलं. कुणाकडे, हे विचारणं तिला चोंबडेपणाचं वाटलं. रंगारी गोलू, वय त्रेपन्न, फोनवर म्हणाला, "येऊनच राहिलो." तो पाऊणला उगवला.

तीन आठवडे तिनं फोनची वेळ, मिळालेलं उत्तर आणि प्रत्यक्ष हजेरी मिनिटासकट टिपली. पेनं संपली, श्रद्धा नाही. मग ज्यांचा अभ्यास केला त्यांनाच निष्कर्ष ऐकवावेत, या नियमाप्रमाणे ती मंडळाच्या बैठकीत उभी राहिली.

"या समुदायात घर ही कल्पना सैल आहे. सतरापैकी चौदा सभासद बाहेर राहतात. श्री. गोलू नऊ वेळा अज्ञात ठिकाणी येऊन राहिले. अध्यक्ष सहा वेळा न्हाणीघरात राहिले. सर्वांत लांब मुक्काम पूर्ण दोन तास."

गोलू रंगाच्या डब्यावरून घसरला. कुसुमताई पदरात तोंड खुपसून हलत राहिल्या. जरा सावरल्यावर म्हणाल्या, "अवं पोरी, करून राहिलो म्हणजे मुक्काम नाही. म्हणजे आत्ता चालू आहे काम."

मयुराचे कान तापले. वामनराव तेवढे हसले नव्हते.

"माह्या आंघोळीचा हिशोब ठेवते? पत्रगित्र काही भेटणार नाही तुले."

चाळीस गुण गेले. मयुरा वहीची पानं फाडायला लागली, तशी कुसुमताईंनी ती हिसकून घेतली.

"थांब. मुक्काम खोटा, पण घड्याळ तं खरं आहे ना? ऐका. गोलू, 'येऊनच राहिलो', अकरा. हजर, पाऊण. अध्यक्ष, 'निघून राहिलो', दहा. हजर, बारा. वामनराव, आपण महिन्यापासून बडग्याचा विषय शोधून राहिलो. खड्डे गेले, डास गेले, सारे दुसऱ्या मंडळाईनं घेतले. हा काहून सोडता?"

बडग्या झाला तो असा : कमरेला टॉवेल, डोक्यावर कापसाचा फेस, कानाला फोन. गळ्यातली पाटी मयुरानं रंगवली, "बस, येऊनच राहिलो". मिशा कोणाच्या लावायच्या यावर मतदान घ्यावं लागलं नाही.

मिरवणुकीत मयुरा पुढचा बांबू धरून चालली. "उशीर करणाऱ्याले घेऊन जा गे मारबत" असं ओरडताना तिचा घसा बसला. रस्त्यात ज्याला त्याला आपापला मेव्हणा ओळखू आला. एकानं वामनरावांना विचारलं, "हा कोण गा?" ते मिशीवर हात ठेवून म्हणाले, "माहा साळा." त्या संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या कागदावर पत्र लिहिलं : "मयुरा आमच्या मंडळात येऊन राहिली."

सर मूळचे नागपूरच्याच महाल भागातले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"येऊन राहिली म्हणजे अजून रस्त्यात आहे. पोचल्यावर ये."

"नाही सर, इथे आली आणि राहिली असा अर्थ आहे."

"तो साताऱ्याचा अर्थ. पत्र इतवारीचं आहे. आजच गुण पाठवायचे आहेत मला."

मयुरानं तिथूनच फोन लावला. दुसरं पत्र पाहिजे म्हणून सांगितलं.

"लिहूनच राहिलो," वामनराव म्हणाले. मागे बादलीत नळ सुरू होता.

"काका, पाण्याचा आवाज येऊन राहिला," मयुरा तडकली. "काहून खोटं बोलून राहिले? इथं सर माह्यासाठी थांबून राहिले, अन् तुम्ही डोक्याले साबण लावून राहिले का?"

फोन ठेवून तिनं सवयीनं वही काढली आणि वेळ टिपली. मान वर केली तर सरांनी चाळीस लिहून खाली सही केलेली.

"पण सर, पत्र?"

"आलं की लाव फाइलीले," सर म्हणाले, "पोचली तू."