भरलेली जखम

जिना वरपासून खालपर्यंत माणसांनी भरला होता. वरच्या खोलीत ताम्रबाबा बसत. तांब्याचं कडं जखमेवरून फिरवत आणि विचारत, "दुखतं का? नाही ना? दुखणं मी आधीच ओढून घेतलं. आता जखमही जाईल." आणि जात होती, हेच तर नवल.

रांगेत घड्याळजी तोंडाला रुमाल बांधून उभा होता. गल्लीत त्याला शंकासुर म्हणत, कारण दुकानात बसून बाबा-बुवांची टिंगल करणं हा त्याचा जोडधंदा होता. एचआयव्ही होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर घ्यायचा आणि स्वतःला मोठा शहाणा समजायचा. पण जांघेत तीन जखमा उठल्या आणि शहाणपण गुंडाळून ठेवावं लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबा बरे, काही विचारत नाहीत.

जखमा खरंच भरल्या. मग शंकासुराची जीभ अशी सुटली की गिऱ्हाईक घड्याळ घेऊन येई आणि बाबांचा पत्ता घेऊन जाई. पुढे तळहातांवर तांबूस डाग आले. विष बाहेर पडतंय, बाबा म्हणाले. डागही गेले. घड्याळजीने दुकानातलं सगळ्यात चांगलं घड्याळ बाबांच्या पायाशी ठेवलं.

मग एका सकाळी भिंगाखालचं बारीक चाक दिसेना. त्याने भिंग पुसलं, दिवा बदलला, चष्मेवाल्याला शिव्या घातल्या. गढूळ झाला होता तो डावा डोळाच. पोटच डोळ्यांवर चालणारं, तेव्हा नाक मुठीत धरून तो दवाखान्यात गेला आणि बाबांच्या कड्यासकट सगळं सांगितलं.

तपासण्यांत सिफिलिस निघाला. लोक त्याला गरमी म्हणतात.

"याच्या जखमा बहुधा दुखत नाहीत, आणि औषधाशिवायही भरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोग मात्र आतच राहतो. एचआयव्ही असला की जखमा कधी जास्त उठतात, आणि रोग डोळ्यांवर, मेंदूवर लवकर जाऊ शकतो. तुमचे बाबा सुटणाऱ्या गाडीला झेंडा दाखवतात, एवढंच."

"आणि मी त्या गाडीची तिकिटं विकली," घड्याळजी म्हणाला.

दोन आठवडे शिरेतून पेनिसिलिन दिल्यावर डोळा बराचसा निवळला. ज्यांच्याशी त्याचा संबंध आला होता, त्यांनाही बाईंनी तपासणीला बोलावलं. मग तो पुन्हा तो जिना चढला.

बाबांनी त्याला लगेच पुढे घेतलं. "विचारा याला!"

"विचाराच," घड्याळजी म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. एचआयव्हीसकट. 

"याची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"श्रद्धा भरपूर होती. डोकं कमी पडलं. जखम गेली म्हणून रोग गेला असं समजू नका. रक्त तपासून घ्या, मग हवं त्याच्या पाया पडा."

शेजारचे लोक त्याच्यापासून दूर सरकले. रांग मात्र मोडली नाही. तो उतरू लागला, तशी मागून पावलं वाजली. रांगेतला एक जण खाली मान घालून आला.

"तिथे नाव विचारतात?"

"विचारतात. पण चारचौघांत हाक मारत नाहीत," घड्याळजी म्हणाला. "चला, मलाही पुढच्या तपासणीला जायचंय."