तीन भिंतींचं घर

मालिकेत आम्ही तिघे मित्र एका खोलीत राहायचो आणि दर आठवड्याला नवा घोळ घालायचो. लंबू, मास्तर आणि मी. समोर खुर्च्यांवर बसलेले प्रेक्षक हसायचे आणि त्यावर आमचे खरे संसार चालायचे.

एके दिवशी लेखकाने लंबूला परदेशात नोकरी लावली. मिठ्या मारायच्या, बॅग उचलायची, दाराबाहेर जायचं, ते कायमचं. या खोट्या नोकरीपायी त्याची खरी नोकरी जात होती, आणि घरी बायकोचे दिवस भरत आलेले.

"दारच उघडलं नाही तर मी जाणार कुठून?" लंबू म्हणाला.

मास्तरला हे पटलं. मास्तरला कुठलीही वाईट कल्पना पटकन पटते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सेटमागे जाऊन दार खिळ्यांनी ठोकून टाकलं. खिळे मी धरले, हातोडा मास्तरने. माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

निरोपाचा प्रसंग सुरू झाला. लंबूने बॅग उचलली, कडी ओढली. दार ढिम्म. जोर लावला तर दाराऐवजी भिंतच हलली. मास्तरने लंबूला ओढलं, मी मास्तरला. लोक पोट धरून हसायला लागले आणि लंबूच्या चेहऱ्यावर तरतरी परत आली.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, "अरे, समोरून उतर की. इथे भिंत कुठाय?"

इतकी वर्षं त्या घरात काढली, पण हे तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

लंबू बॅगेसकट उतरला. त्याचा शेवटचा भाग बघायला आलेली बायको पहिल्या रांगेत शेजारच्या खुर्चीवर सुजलेले पाय ठेवून बसली होती. तिने पाय खाली घेतले. तो बसला. वर मास्तरने ठरल्याप्रमाणे डोळे पुसले आणि म्हणाला, "गेला बिचारा. आता रात्री घोरणार कोण?"

"मी घोरत नाही," लंबू सवयीने खालून बोलला.

"घोरतोस," वहिनी म्हणाल्या. "रोज."

असा हशा आमच्या वाट्याला कधीच आला नव्हता.

आता दोघं दर आठवड्याला तिथेच बसतात आणि आमचं प्रत्येक वाक्य खोडून काढतात. वहिनींनाही काम मिळालं. बाळ मध्येच रडतं, त्यालाही लोक हसतात.

परवा लेखकाने मला सहज विचारलं, परदेशात कुणी नातेवाईक आहेत का. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, पुढच्या शूटिंगला लवकर ये आणि जागा धरून ठेव.